फुटलेल्या नळांची बखर

मोर्शी-वरुडकडचा संत्रा बागायतदार पाइप घ्यायला दुकानात गेला की जाडी विचारीत नाही, किलो विचारतो. ‘चार किलोचा पुरते का भाऊ, का सहाचाच लागन?’ एवढ्या प्रश्नात त्याच्या विहिरीची खोली, मोटरचा जोर आणि खिशाची ताकद, सगळे येऊन जाते. सहा किलो म्हणजे आतून दर चौरस सेंटीमीटरला सहा किलोचा दाब, साधारण ६० मीटर उंच उभ्या पाण्याएवढा. ९० मिलिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिक पाइपला तो सोसायचा तर भिंत ३ मिलिमीटरच्या आसपास भरते. हे ३ मिलिमीटर कुणी ठरवले, कशावरून ठरवले, याची चौकशी दुकानात होत नाही. भाव ठरतो आणि पाइप ट्रॉलीवर चढतात. पण त्या तीन मिलिमीटरांपर्यंत पोचायला युरोप-अमेरिकेतल्या हुशार माणसांची अडीचशे वर्षे खर्ची पडली, आणि त्या वाटेवर फुटलेल्या नळांचा नुसता खच पडला.

ही हकीकत सुरू होते फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या हट्टापासून. व्हर्सायचा राजवाडा त्याने जिथे उभारला ती जागा पाण्याच्या दृष्टीने दरिद्री होती, आणि राजाला हवी होती शेकडो कारंजी. सगळी एकदम उडवायला पाणी पुरेना. मग माळ्यांनी तोड काढली: महाराज ज्या वाटेने येतील तिकडची कारंजी शिटी वाजताच सुरू करायची आणि ते पुढे सरकले की मागची बंद करायची. राजाच्या डोळ्यांत अशी धूळ, खरे तर पाणी, फेकणे फार काळ चालण्यासारखे नव्हते. सीन नदीवर मार्ली येथे १४ प्रचंड चाकांचे आणि दोनशेहून अधिक पंपांचे यंत्र बांधले गेले आणि १६८४ मध्ये ते कुरकुरत फिरू लागले. नदीचे पाणी दीडशे मीटरहून अधिक उंच चढवायचे होते. एका दमात चढवले असते तर तळच्या नळांनी तग धरला नसता, म्हणून वाटेत टाक्या बांधून तीन टप्प्यांत ते वर नेले. नळ किती दाब सोसेल हे नेमके कुणालाच सांगता येत नव्हते. ओतारी आपल्या अंदाजाने बीड ओतत, बसवणारे आपल्या अंदाजाने बसवत, आणि फुटला की जरा जाड आणत.

या अंदाजपंचे कारभारात एदम मारिओत नावाचा धर्मगुरू शिरला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा तो अगदी सुरुवातीच्या सभासदांपैकी एक. डोळ्यातला अंधबिंदू त्यानेच दाखवून दिला. आपल्या शाळांत बॉइलचा म्हणून शिकवला जाणारा वायूंचा नियम फ्रेंच लोक आजही मारिओतच्या नावाने ओळखतात. व्हर्सायला पाणी आणणाऱ्या जलवाहिन्यांचे काम त्याच्याकडे आले तेव्हा त्याने आधी ग्रंथ उघडले. ग्रंथांत तुळया कशा मोडतात यावर गॅलिलिओचे विवेचन होते, पण मारिओतने प्रत्यक्ष मोडून पाहिले तर आकडे जुळेनात. पुस्तक बाजूला ठेवून त्याने नळच फोडायला घेतले.

त्याची मांडणी कुणाही गावात जमेल इतकी साधी होती. खाली एक बंद दंडगोल आणि त्याच्या माथ्यावर बसवलेली लांबलचक उभी नळी. वरून पाणी ओतत जायचे. नळीतले पाणी चढेल तसा खालच्या दंडगोलातला दाब चढतो. एका उंचीला तो फाटतो. ती उंची टिपायची, दुसरा दंडगोल घ्यायचा. कधी पत्रा जाड, कधी व्यास मोठा. नळीत मावणारे पाणी असे कितीसे असणार! पण तेवढे पाणी उंचीच्या बळावर धातूचे पिंप चिरून टाकत होते. भांडी फाटत गेली आणि आकडे साठत गेले, तसतसा त्यांतून एक नियम वर आला. नळाची भिंत किती जाड हवी हे दोनच गोष्टी ठरवतात, आतला दाब आणि नळाचा व्यास. दाब दुप्पट झाला तर जाडी दुप्पट. व्यास दुप्पट झाला तरी जाडी दुप्पट. नळाच्या लांबीचा यात काही संबंध नाही.

ऐकायला हे सोपे वाटते, पण यातला व्यासाचा भाग त्या काळच्या कारागिराला सहज पटणारा नव्हता. दाब तोच, धातू तोच, मग नळ रुंद केल्याने तो दुबळा का व्हावा? मनातल्या मनात नळ उभा चिरून त्याच्या दोन पन्हळी करा. पाणी त्या दोन पन्हळींना एकमेकींपासून दूर लोटते आहे, आणि लोटायला त्याला पूर्ण व्यासाएवढी रुंदी मिळते. धरून ठेवायला मात्र चिरलेल्या जागी फक्त दोन कडा आहेत, दोन्ही भिंतीच्या जाडीएवढ्याच. व्यास वाढला की लोटणारा बळावतो, धरणारा आहे तिथेच राहतो. दाबाने फुटलेला पाइप बहुतेक वेळा लांबीला चिरलेला का दिसतो याचेही कारण इथेच आहे: परिघातून भिंतीवर पडणारा ताण लांबीच्या दिशेने पडणाऱ्या ताणाच्या दुप्पट असतो.

मारिओत १६८४ मध्ये वारला. त्याची वही छापून निघाली ती दोन वर्षांनी, मित्र फिलिप द ला हीरच्या हातून. ज्या वर्षी मार्लीचे यंत्र फिरू लागले त्याच वर्षी, नळाची जाडी कशी काढावी हे ज्याला उमगले होते तो माणूस गेला. पुढची शंभर वर्षे हा नियम पुरला, कारण दाब माफक होते आणि भिंती व्यासाच्या मानाने पातळ.

अडचण उभी केली एका कुलूपवाल्याने. जोसेफ ब्रामा हा लंडनचा कारागीर. आपले कुलूप उघडून दाखवणाऱ्याला त्याने २०० गिनींचे बक्षीस लावले होते आणि ते जिंकायला १८५१ साल उजाडावे लागले, इतका तो हाताचा पक्का. त्याने १७९५ मध्ये पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. एका बाजूला छोट्या दट्ट्याने पाणी दाबायचे, दुसऱ्या बाजूला मोठा दट्ट्या शेकडो पट जोराने वर येतो. सुरुवातीला पाणी दट्ट्याच्या कडेने निसटत राहिले. असे सांगतात की हेन्री मॉडस्ले या त्याच्या तरुण कामगाराने चामड्याची एक कडी सुचवली आणि गळती थांबली. पाण्याचा दाब जितका वाढे तितकी ती कडी आपोआप घट्ट बसे. गळती थांबली तसा दाब बेफाम चढू लागला, आणि आता दंडगोलच तडकू लागले. कारखानदारांनी रिवाजाप्रमाणे भिंत जाड केली. तरी तडकले. आणखी जाड केली. धातूचा आणि पैशाचा चुराडा झाला, पण वाढवलेल्या जाडीच्या प्रमाणात बळ काही वाढेना. मारिओतचा नियम इथे तोंडघशी पडला.

या कोड्याकडे दोन ठिकाणांहून माणसे वळली. त्यांपैकी पहिला पीटर बार्लो, वुलिचच्या लष्करी अकादमीत गणित शिकवणारा, स्वतःच्या हिमतीवर शिकलेला माणूस. त्याने ओळखले की जाड भिंतीत सगळे थर सारखे काम करत नाहीत. आतला थर दाबाच्या तोंडी असतो, तो सर्वांत जास्त ताणला जातो, बाहेरचे थर मागे राहतात. म्हणजे बाहेरून चढवलेला धातू बऱ्याच अंशी आरामात बसून असतो आणि सगळा भार आतल्या सालीवर पडतो. लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने १८३६ मध्ये बार्लोचा लेख छापला. त्याच्या सगळ्या खटाटोपाचे सार पुढे गंमतीदार निघाले: सूत्र मारिओतचेच ठेवा, फक्त आतल्या व्यासाऐवजी बाहेरचा व्यास घ्या. एवढ्याशा बदलाने उत्तर पुष्कळ सुरक्षित बाजूला सरकते. जगभरच्या तेल-वायूच्या वाहिन्यांवर आज बार्लोच्या नावाने चालणारे सूत्र ते हेच.

दुसरे ठिकाण होते रशियात. गाब्रिएल लामे आणि एमिल क्लापेरों हे दोन फ्रेंच अभियंते झारच्या नोकरीत सेंट पीटर्सबर्गला शिकवत असताना घन पदार्थांच्या पोटातल्या ताणांचे गणित मांडत बसले होते. त्यांचा प्रबंध १८३३ मध्ये पॅरिसच्या अकादमीने छापला. बार्लोने जे अदमासाने गाठले ते या दोघांनी काटेकोर सोडवले होते. आतल्या त्रिज्येएवढीच जाड भिंत घेतली तर आतल्या सालीवरचा ताण बाहेरच्या सालीच्या अडीच पट निघतो. पण खरा धक्का गणिताच्या शेवटी होता. पाण्याचा दाब धातूच्या सहनशक्तीएवढा झाला, की मग भिंत हातभर करा, पुरुषभर करा की मैलभर, आतली साल फाटणारच. ब्रामाचे कारखानदार ज्या वाटेने धावत होते ती वाट पुढे बंद होती, हे पहिल्यांदाच कागदावर लिहिले गेले.

मग या मर्यादेवर मात कशी करायची? आपल्याकडे लोहार बंडीच्या चाकावर धाव चढवतो, तीच युक्ती. धाव तापवून फुगवायची, चाकावर बसवायची, वरून पाणी ओतायचे. निवताना ती आवळते आणि चाक आधीच दाबून धरते. विल्यम आर्मस्ट्राँगने १८५० च्या दशकात तोफांच्या नळ्या अशाच बांधल्या: एका नळीवर दुसरी तापलेली नळी. आतली साल आधीच आवळलेली असल्याने तिच्यावरचा ताण पहिल्यांदा ते आवळणे सोडवण्यात खर्च होतो.

गणित कितीही चोख असले तरी ते फक्त सरळ भिंतीचे होते. याचा प्रत्यय १७ ऑगस्ट १८४९ रोजी वेल्समधल्या मेनाय सामुद्रधुनीवर आला. रॉबर्ट स्टीफन्सनच्या ब्रिटानिया पुलाची पंधराशे टनांहून जड लोखंडी नलिका जलदाबयंत्राने वर चढवली जात होती. यंत्राच्या बिडाच्या दंडगोलाची भिंत जवळपास फूटभर जाड होती. काम चालू असताना त्या दंडगोलाचा तळच निखळून खाली कोसळला. नलिका निसटली, आणि वीतभर खाली येऊन थांबली. स्टीफन्सनची सक्त ताकीद होती की नलिका इंचभर चढली की खाली इंचभर आधार भरत जायचे. कामाला कितीही उशीर झाला तरी चालेल. त्या ताकिदीने पूल वाचला. दंडगोलाची भिंत शाबूत होती. तो फुटला तो सपाट तळ आणि भिंत जिथे काटकोनात भेटतात त्या कोपऱ्यात. नव्या दंडगोलाचा तळ अर्धगोल ओतला गेला आणि त्याने काम तडीस नेले. आजच्या दाबपात्रांची टोके फुगीर असतात, त्यामागे अशा अनेक कोपऱ्यांचा इतिहास आहे.

इथपर्यंत येईतो सगळ्यांची एक समजूत ठाम झाली होती: आतला जास्तीत जास्त दाब ठाऊक असला की जाडीचा प्रश्न मिटला. ती समजूत मॉस्कोत मोडली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोला मितिश्चीच्या झऱ्यांवरून नव्या जलवाहिन्यांनी पाणी मिळू लागले होते, आणि शहराचे बिडाचे मोठे नळ फुटत होते. अशा वेळी संशय पहिल्यांदा ओतकामावर जातो, मग जमीन खचल्यावर, मग थंडीवर. पण पंपाचा दाब मर्यादेत होता आणि नळांच्या भिंती हिशेबाप्रमाणे पुरेशा होत्या. जलपुरवठ्याचे प्रमुख निकोलाय झिमिन यांनी हे कोडे निकोलाय झुकोव्हस्की या यंत्रशास्त्राच्या प्राध्यापकाकडे नेले. हा माणूस पुढे रशियन विमानविद्येचा जनक म्हणून गाजला. १८९७ मध्ये मात्र त्याचे लक्ष जमिनीखाली लागले होते.

अलेक्सेयेव्हस्काया पंपघराच्या आवारात दोन, चार आणि सहा इंच व्यासाच्या नळांच्या लांबच लांब ओळी अंथरल्या गेल्या. टोकाला क्षणात बंद होणारी झडप. नळाच्या वाटेवर जागोजागी दाब टिपणारी यंत्रे, फिरत्या कागदावर आपोआप रेघ ओढणारी. कारेल्स्किख, ओल्डेनबोर्गर आणि बेरेझोव्हस्की हे तीन सहकारी. पाणी वाहते करायचे, झडप आपटायची, रेघ पाहायची. हा क्रम अव्याहत चालला.

दाब हळूहळू चढत जाऊन उतरेल अशी कुणाची अपेक्षा असेल तर ती कागदाने पार खोटी पाडली. रेघ भिंतीसारखी ताठ उभी चढली, माथ्यावर सपाट धावली, आणि तशीच ताठ खाली कोसळली. मग पुन्हा चढली. शेजारच्या यंत्राच्या कागदावर तेच चित्र होते, पण किंचित उशिरा. त्याच्या पुढच्यावर आणखी उशिरा. त्या उशिरातच सगळे रहस्य होते. झडप बंद झाली म्हणजे नळातले सगळे पाणी एकदम थांबत नाही. झडपेला टेकलेले पाणी थांबते, ते मागच्याला थांबवते, ते त्याच्या मागच्याला, आणि थांबण्याची ही लाट सेकंदाला किलोमीटरहून अधिक वेगाने उलट दिशेने धावत सुटते. टाकीपर्यंत पोचते, परत फिरते. जिथून ती गेली तिथे दाब उसळलेला असतो. नळ किती लांब आहे यावर ही उसळी अवलंबून नाही. ती अवलंबून आहे पाणी किती वेगात होते यावर: वेगाच्या दर फुटामागे सुमारे चार वातावरणांचा दाब. अलगद वाहणारे पाणी एकाएकी अडवले की हातोडा होऊन बसते. नळ दुबळे नव्हते. त्यांच्यावर काय कोसळते आहे हेच कुणी हिशेबात धरले नव्हते.

शास्त्रात पहिला कोण याचे तंटे कधी मिटत नाहीत. पुढे इटलीचा पंतप्रधान झालेल्या मेनाब्रेआने या आघातावर १८५८ मध्येच टिपण लिहिले होते, आणि भिंतीच्या लवचिकपणाने लाटेचा वेग कसा घटतो ते कोर्तेवेखने १८७८ मध्ये काढले होते. पण अंदाज, गणित आणि खऱ्या नळांवरचा पुरावा असे तिन्ही एका जागी आणले ते मॉस्कोने. शिवाय झुकोव्हस्कीने उपायही दिला. लाट टाकीपर्यंत जाऊन परत यायला जितका वेळ घेते त्याहून बराच अधिक वेळ लावून झडप मिटा, उसळी मावळते. आणि एक नवलही दाखवले: नळ वाटेत कुठे गळत असेल तर लाटेचा एक तुकडा तिथून आधीच परततो, त्यामुळे रेघेवरच्या खोबणीवरून गळतीची जागा पंपघरात बसून सांगता येते. त्याचा प्रबंध १८९८ मध्ये निघाला, १९०४ मध्ये अमेरिकेतल्या पाणीपुरवठा अभियंत्यांसाठी त्याचे इंग्रजी झाले. झुकोव्हस्की १९२१ मध्ये मानाने गेला. त्याच वर्षी, मॉस्कोच्या जलपुरवठ्याचा मुख्य अभियंता झालेल्या ओल्डेनबोर्गरने नव्या राजवटीच्या पक्षीय छळाला कंटाळून स्वतःचा जीव दिला. शोधांच्या हकिकतींत सहकाऱ्यांचे पुढे काय झाले हे क्वचितच सांगितले जाते.

मोर्शीच्या शिवारात हा हातोडा रोज पडतो. लाइन जाते, मोटर थांबते, वर चढत असलेला पाण्याचा दांडा क्षणभर थबकून उलटा फिरतो आणि एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे फिरू न देणारी झडप, धाडकन मिटते. ज्याच्या पाइपला आधीच तीन किलोचा दाब आहे त्याने चार किलोचा पाइप टाकला असेल, तर सांधा निखळतो नाही तर पाइप उभा चिरतो, आणि मग दोष दुकानदाराला लागतो. प्लॅस्टिक लवचिक असल्याने त्यातली लाट मंद धावते. मीटरभर वेग अडला तर उसळी तीन-चार किलोंची. बिडाच्या किंवा पोलादाच्या नळात तीच दहा किलोंच्या पुढे जाते.

ज्ञान होते, पण ते पाळण्याची सक्ती कुणावरच नव्हती. सक्ती आणली ती वाफेने. कलकत्त्यात १८६३ मध्ये बाष्पक, म्हणजे बॉयलर, फुटून माणसे गेली आणि दुसऱ्याच वर्षी बंगालमध्ये बाष्पकांच्या तपासणीचा कायदा झाला. अमेरिकेत मॅसेच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावी २० मार्च १९०५ च्या सकाळी ग्रोव्हर बूट कारखान्याचे बाष्पक छप्पर फोडून उडाले. इमारत बसली, पेटली, ५८ कामगार मेले. तोपर्यंत प्रत्येक कारखानदाराचे जाडीचे सूत्र निराळे आणि सुरक्षिततेची कल्पनाही निराळी. दोन वर्षांत त्या राज्याने नियम केले, १९१५ मध्ये अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने बाष्पकांची संहिता प्रसिद्ध केली, आणि नळांसाठी १९२६ मध्ये सुरू झालेल्या कामातून १९३५ साली दाबनलिकांची पहिली संहिता निघाली. हिंदुस्थानात १९२३ चा बाष्पक कायदा आणि १९५० चे विनियम त्याच वाटेने आले.

महाराष्ट्रात या सगळ्या विद्येची कसोटी लागली ती खोपोलीला. टाटांच्या जलविद्युत केंद्रासाठी लोणावळ्याच्या तलावांचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून सव्वापाचशे मीटरच्या आसपास खाली सोडायचे होते. १९१५ मध्ये केंद्र सुरू झाले तेव्हा एवढ्या उंचीवरून पाणी घेणारी केंद्रे जगात मोजकीच होती. तळाशी दाब दर चौरस सेंटीमीटरला पन्नास किलोंच्या वर. अशा उतरणीवर वरपासून खालपर्यंत एकच जाडी ठेवली तर वर पोलाद वाया जाते नाही तर खाली नळ फुटतो; म्हणून उतरत जाईल तशी भिंत जाड करत न्यावी लागते. मारिओतचा नियम डोंगरावर अंथरलेला दिसतो तो असा. आणि खाली झुकोव्हस्की: एवढ्या उंचीचे पाणी एकदम अडवणे म्हणजे विनाश, म्हणून जनित्र फिरवणाऱ्या पेल्टन चक्राच्या तोंडावरची धार एका पात्याने आधी बाजूला वळवतात आणि मागची झडप सावकाश मिटवतात.

दाबनलिकांच्या अमेरिकन संहितेतले जाडीचे सूत्र आज पाहिले तर ते एका ओळीचे आहे. दाबाला बाहेरच्या व्यासाने गुणा. धातूला परवानगी दिलेला ताण आणि जोडाचा दर्जा यांच्या गुणाकारात दाबाचा ०.४ भाग मिळवून त्याची दुप्पट करा, आणि तिने भागा. हा ०.४ म्हणजे लामेच्या पानभर गणिताचा खिशात मावेल असा अर्क. मग त्यात गंजासाठी काही मिलिमीटर घाला. आणि शेवटी पोलादाच्या गिरणीलाही सूट द्या: बिनजोडाचा नळ सांगितल्या जाडीपेक्षा साडेबारा टक्क्यांपर्यंत पातळ निघू शकतो, तेव्हा मागवताना ती तूट भरून निघेल इतका जाड मागवा.

मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला वर्धा नदीवर १९९३ मध्ये अप्पर वर्धा धरण पूर्ण झाले. १३ दरवाजांच्या या जलाशयाचे सरकारी नाव नल-दमयंती सागर. तिथून नेरपिंगळाईमार्गे अमरावतीच्या तपोवनातल्या जलशुद्धीकरण केंद्राकडे पाणी जाते. अशा कामाचा कागद हाती घेतला तर हिशेब कुठून कुठे जातो ते पाहण्यासारखे असते. समजा मीटरभर व्यासाची पोलादी वाहिनी आहे आणि दाब दहा किलोंचा. सूत्र सांगते, सव्वाचार मिलिमीटर पुरे. पण पंप बंद पडल्यावरची उसळी मिळवायची आहे. उसळीनंतर येणारी पोकळी बाहेरच्या हवेकडून नळ चेपवू शकते, तिचाही विचार आहे. वरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिचा भार आहे. गंज आहे, क्रेनने उचलताना बसणारा वाक आहे. सगळे धरून आकडा दुपटीच्या घरात जातो. दाबाने मागितलेली जाडी त्यात निम्मीच असते.

याच धरणाचे पाणी नांदगाव पेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाला मिळते, आणि तिथे हे पाणी वाफ होऊन पाचशे अंशांच्या पुढे तापते. त्या तापमानाला पोलाद फुटत नाही तर वर्षानुवर्षे कणाकणाने सरकते. आतली साल सरकून सैल पडते आणि आपला भार बाहेरच्या थरांच्या गळ्यात टाकते. लामेने दाखवलेली विषमता इथे धातू स्वतःच हळूहळू मिटवतो. म्हणून अमेरिकन संहितेतला तो ०.४ चा आकडा तापमानाबरोबर ०.७ पर्यंत चढतो, आणि भिंत थोडी पातळ चालते. पण सरकण्याला अंतही असतोच. आपल्या बाष्पक विनियमांप्रमाणे अशा तापमानात चाललेल्या भागांची एक लाख तासांनंतर, म्हणजे अखंड चालवले तर सुमारे साडेअकरा वर्षांनी, उरलेल्या आयुष्याची तपासणी करावी लागते. नळाचा तळहाताएवढा भाग आरशासारखा घासून त्याचा ठसा घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धातूच्या कणांच्या सीमांवर पोकळ्या शोधतात. सुट्या सुट्या दिसल्या तर नळ पुढे चालवतात. ओळीने जुळू लागल्या तर त्याला बदलण्याची तारीख पडते.